सांडलेला उजेड : घरगुती फिल्टर आणि पिक्टोरियल छायाचित्रण

नायलॉनचा पायमोजा भिंगावर ताणून बसवला की चित्र मऊ होतं, हे कुणीही घरबसल्या पडताळून पाहू शकतं. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. फोनच्या पडद्यावर बोट फिरवून हवं तेवढं धूसर करता येत असताना पायमोजे, व्हॅसलीन, मच्छरदाणी आणि वेल्डिंगची काच हा सगळा संसार भिंगापुढे मांडायचा कशासाठी? नवी मुंबईत तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. म्हणजे पिक्टोरियल शैली जगात मागे पडल्यानंतर सुमारे अर्धशतकानं आखलं गेलेलं हे शहर. काच, काँक्रीट आणि सरळ रेषांत बसवलेले सेक्टर. अशा शहराकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मऊ नजरेनं पाहण्यात काही अर्थ आहे का?

माझ्या मते आहे. मात्र प्रत्येक घरगुती वस्तूला तो सारखा नाही. काहींचं काम आज संगणक जास्त चांगलं करतो, काहींचं त्याला नीट जमत नाही, आणि काही वस्तू मुळात भिंगापुढे आणण्याच्या नाहीतच. ही वर्गवारी आवडीनिवडीवर ठरत नाही. उजेड कॅमेऱ्यात शिरण्याआधी त्याचं काय होतं, यावर ठरते.

मऊपणाचा वंश

छायाचित्र ही यंत्रानं केलेली नक्कल नसून चित्रासारखी कलाकृती होऊ शकते, हा पिक्टोरियल मंडळींचा दावा होता. हेन्री पीच रॉबिन्सनचं ‘पिक्टोरियल इफेक्ट इन फोटोग्राफी’ हे पुस्तक १८६९ चं. त्याचा भर रचनेवर आणि अनेक निगेटिव्ह जोडून एक चित्र छापण्यावर होता. मऊपणाला सिद्धान्ताची बैठक दिली पीटर हेन्री एमर्सननं. डोळ्याला मधलं स्पष्ट आणि कडेचं अस्पष्ट दिसतं, तेव्हा छायाचित्रानंही तसंच पाहावं, असं त्यानं १८८९ च्या पुस्तकात मांडलं आणि दोनेक वर्षांत छायाचित्रण ही कलाच नव्हे, असं जाहीर करून स्वतःचीच भूमिका मागे घेतली. अनुयायी मात्र थांबले नाहीत. जॉर्ज डेव्हिसननं १८९० मध्ये कांद्याच्या शेताचं गाजलेलं चित्र भिंग न वापरता टाचणीएवढ्या छिद्रातून घेतलं. त्याच्या पुष्कळ आधी कोलकात्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉननं फोकस थोडा सोडून देऊन माणसांचे चेहरे टिपले होते.

या परंपरेत घरगुती क्लृप्तीला पहिल्यापासून मान होता. एडवर्ड स्टायकेननं तरुणपणी पाहिलं, की भिंगावर पावसाचे थेंब पडले किंवा ट्रायपॉडला धक्का बसला की चित्र मऊ होतं. मग तो हे मुद्दाम करू लागला. पुढे मूकपटांच्या काळात छायालेखकांनी भिंगापुढे जाळी आणि रेशमी पायमोजे आणले. चेहरा स्पष्ट राहावा म्हणून मोज्याच्या मधोमध सिगारेटनं भोक पाडण्याची रीतही त्यांचीच.

मुंबई या गोष्टीपासून दूर नव्हती. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये निघाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेव्हाचा जोर वास्तू, माणसं, पोशाख यांची नोंद करण्यावर होता. पिक्टोरियल वळण ठळकपणे दिसतं ते शापूर भेडवार यांच्या कामात. या पारशी छायाचित्रकारानं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये शिक्षण घेतलं आणि तिथल्या प्रदर्शनांतून नाव मिळवलं. ‘द फीस्ट ऑफ रोझेस’ या त्यांच्या मालिकेत पोशाख, पडदे आणि पात्रं नाटकाच्या प्रवेशासारखी मांडलेली आहेत. म्हणजे भेडवारांचा पिक्टोरियलपणा मांडणीतून आला, भिंगापुढच्या पडद्यातून नव्हे.

संघटित चळवळ नंतरची. कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे हे मंडळ १९३२ चं. जहांगीर उनवाला हे त्यातलं ठळक नाव. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि मित्रांनी ‘एफ/६४’ हा गट काढला, तो नेमका पिक्टोरियल धूसरपणाला विरोध म्हणून. तिकडे धूसरपणा हद्दपार होत असताना इकडे त्याचं मंडळ स्थापन होत होतं. पाठोपाठ १९३७ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आली. सलॉन नावाची प्रदर्शनं, स्वीकृतीचे शिक्के, पदकं या चौकटीत पिक्टोरियल विभाग आपल्याकडे पुढेही दीर्घकाळ नांदला. म्हणून ही शैली आपल्याकडे इतिहासजमा झाली असं म्हणता येत नाही. ती क्लबांतून झिरपत राहिली.

कापड, व्हॅसलीन, काच

आता सामानाकडे. सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे जाळीदार कापड: पायमोजा, नेटची ओढणी, जुन्या साडीची जाळी. अशा कापडातून बराचसा उजेड सरळ जातो आणि चित्राची मूळ रेषा शाबूत राहते. उरलेला धाग्यांच्या कडांवरून विखुरतो आणि उजळ भागाभोवती वलय धरतो. तपशील आणि तेज एकावर एक बसलेलं असं चित्र निव्वळ फोकस चुकवून मिळत नाही. फोकस चुकला की रेषाच जाते.

धाग्याचा रंग महत्त्वाचा. पांढऱ्या जाळीवर उजेड पडला की धागे स्वतःच चमकतात आणि चित्रातला काळा रंग राखाडी होतो. काळ्या जाळीत काळं काळंच राहतं, तेज मात्र पसरतं. त्वचेच्या रंगाचा मोजा चित्राला किंचित ऊब देतो. विणीलाही अर्थ आहे. चौकटी विणीतून दिव्याभोवती फुलीसारख्या चार रेघा निघतात. मोज्याच्या वेड्यावाकड्या विणीतून गोलसर वलय. मलमलीसारखं दाट कापड मात्र नको. त्यातून सरळ जाणारा उजेडच इतका कमी होतो की हाती नुसतं दूध उरतं. मधोमध भोक पाडायचं तर सिगारेट कशाला, उदबत्तीचं टोक पुरतं. नायलॉन वितळून कड आपोआप बसते. अर्थात कापड भिंगावरून काढून, मोकळ्या जागी.

दुसरी वस्तू व्हॅसलीन. ते भिंगाच्या काचेवर कधीही लावायचं नाही. स्वस्तातल्या यूव्ही फिल्टरवर किंवा साध्या काचेच्या तुकड्यावर लावायचं. मध्यभाग कोरडा ठेवून कडेला बोटानं हलका थर दिला की विषय स्पष्ट आणि भोवताल विरघळलेला. बोट फिरतं ती दिशाही बोलते. व्हॅसलीनच्या ओरखड्यांना काटकोनात उजेडाच्या रेघा निघतात. आडवं बोट फिरवलं तर दिवे उभे ताणले जातात, गोल फिरवलं तर रेघा मधल्या बिंदूपासून बाहेर धावतात. म्हणजे हा फिल्टर प्रत्येक चित्रासाठी नव्यानं रंगवता येतो. काम झालं की फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यानं धुवावा.

तिसरा गट पारदर्शक वस्तूंचा: अन्न झाकायची प्लॅस्टिक फिल्म, सँडविचची पिशवी, जाड तळाचा पेला, झुंबराचा लोलक, काचेची बांगडी. पिशवीला भोक पाडून ती भिंगाभोवती रबरबँडनं बांधली की कडेनं धुरकट चौकट येते. पेला आणि लोलक प्रतिमेची दुसरी प्रत आत ओढून आणतात. बांगडी उन्हात तिरपी धरली की चित्रात उजेडाची कमान उमटते. हे परिणाम देखणे, पण आडमुठे आहेत. पेला अर्धा सेंटिमीटर हलला की सगळं बदलतं. शिवाय पिक्टोरियल चित्राला हवा असतो करड्या छटांचा सलग उतार, आणि लोलक बहुतेक वेळा इंद्रधनुषी खेळण्याकडे झुकतो. गंमत म्हणून ठीक, पाया म्हणून नाही.

चौथा गट भिंगापुढे न येता दिव्यापुढे येणाऱ्या वस्तूंचा. स्वयंपाकघरातली चाळण भिंगावर धरली तर तिचं स्टील नको तसं चमकतं. तीच खिडकीतल्या उन्हात धरली तर भिंतीवर ठिपक्यांची सावली पडते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी सेटवर पांढरं कापड ताणून, त्यावरून परतवलेल्या उजेडानं बनारसच्या घराचं अंगण उभं केलं. मुंबईत व्ही. के. मूर्ती यांनी ‘कागज़ के फूल’मध्ये (१९५९) मोठ्या आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत आणून तो प्रसिद्ध झोत निर्माण केला. चादर आणि आरसा यांहून घरगुती काय असतं? पायमोज्याच्या आधी पडद्याचा विचार करावा, एवढंच ही उदाहरणं सांगतात. खिडकीवरच्या पातळ पांढऱ्या पडद्यानं मुळातला उजेडच मऊ होतो, आणि मग भिंगावर काही लावण्याची गरज अनेकदा उरतही नाही.

छिद्र किती उघडं?

एकच मोजा एकाच्या कॅमेऱ्यावर जादू करतो आणि दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर नुसती मळकट जाळी दाखवतो. याचं कारण बहुधा ॲपर्चरमध्ये असतं. एफ/२ किंवा एफ/२.८ ला भिंगाचं तोंड मोठं उघडं असतं. प्रत्येक बिंदूचा उजेड शेकडो धाग्यांमधून येतो आणि धागे एकमेकांत मिसळून नाहीसे होतात. एफ/११ ला तोंड बारीक होतं, मोजकेच धागे वाटेत येतात आणि परिणाम तुटक होतो. व्हॅसलीनच्या कोरड्या मध्यभागाचंही तसंच: उघड्या ॲपर्चरला सीमा विरते, बंद केल्यावर कड कठीण दिसू लागते. भिंगाची लांबी वाढली की तोच मोजा जास्त जोरदार भासतो. सुरुवात करणाऱ्यानं ५० ते ८५ मिलिमीटरचं भिंग घ्यावं, ॲपर्चर उघडं ठेवावं, फोकस आधी हातानं पक्का करावा आणि मगच कापड चढवावं. स्वयंचलित फोकस जाळीपुढे गोंधळतो.

डार्करूममध्ये काम केलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. तोच मोजा कॅमेऱ्याऐवजी एन्लार्जरच्या भिंगाखाली धरला तर परिणाम उलटा होतो. कॅमेऱ्यात उजळ भाग अंधारात सांडतो. एन्लार्जरखाली निगेटिव्हच्या पारदर्शक भागातून, म्हणजे चित्रातल्या सावलीच्या जागेतून, जास्त उजेड येतो आणि तो विखुरला की सावली उजळ भागात सांडते. पहिल्यात दिव्याला प्रभा येते, दुसऱ्यात कडांना काजळी धरते. कापड एकच, पण ते उजेडाच्या वाटेत कुठे उभं आहे यावर चित्राचा भाव ठरतो.

संगणकानं काय हिरावलं, काय नाही

रंगीत जिलेटीन कागदापासून सुरुवात करू. कृष्णधवल चित्रणात पिवळा किंवा लाल कागद धुरकेपणा कापतो, कारण हवेत विखुरणारा उजेड मुख्यतः निळा असतो. पिक्टोरियल नजरेला याच्या उलट हवं असतं: निळा कागद लावला की धुकं दाट होतं, मागचे थर एकामागोमाग फिके पडत जातात आणि खोली वाढते. तंत्र खरं आहे, पण डिजिटल कॅमेऱ्यात त्यासाठी कागद लावणं तोट्याचं. सेन्सरवर निळा टिपणारे घटक साधारण एक चतुर्थांशच असतात. बाकीचे निळ्या कागदामागे जवळपास उपाशी राहतात. रंगीत चित्र घेऊन नंतर कृष्णधवल करताना निळ्या वाहिनीचं वजन वाढवलं तर तोच परिणाम जास्त स्वच्छ मिळतो. इथे संगणक जिंकला, हे मान्य करावं.

मोज्याचं तसं नाही. रस्त्यावरचा दिवा आणि त्याखालचा डांबरी रस्ता यांच्या तेजात हजारो पटींचं अंतर असतं. सेन्सर एका मर्यादेपर्यंतच मोजतो. त्यापलीकडचं सगळं त्याच्या लेखी सारखंच पांढरं. दिवाही पांढरा आणि दिव्याखालची पांढरी पाटीही पांढरी. संगणकावर हे चित्र धूसर केलं की दोघांभोवती सारखंच मवाळ वलय येतं. कापडाचं काम मात्र मोजणी होण्याआधीच झालेलं असतं. दिव्याचं खरं तेज पाटीच्या कित्येक पट, म्हणून त्याची प्रभाही कित्येक पट लांब पोचते. रात्रीच्या चित्रातला खऱ्या जाळीचा आणि नकली धूसरपणाचा फरक अनेकांना जाणवतो पण सांगता येत नाही, त्याचं कारण हे आहे. वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रं एकत्र करून, मूळ तेजाचे आकडे जपून धूसर केलं तर संगणकही बराच जवळ जातो. पण तेवढे कष्ट घ्यायचे तर स्वस्तातलं कापड काय वाईट?

फोनवर अडचण वेगळी. त्याच्या भिंगाचं खरं तोंड जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं. मच्छरदाणीचं एखादं छिद्र त्याच्या निम्म्यापर्यंत जातं, त्यामुळे जाळी जाड वाटते. फोनला बारीक विणीचा मोजा लागतो, तोही अगदी चिकटून. शिवाय फोन अनेक चित्रं जोडून, कडा धारदार करून, सावल्या उचलून ‘सुधारलेलं’ चित्र देतो. आपण मुद्दाम आणलेला धूसरपणा त्याला दोष वाटतो आणि तो निस्तरायला बसतो. प्रो मोडमध्ये रॉ चित्र घेतलं तरच मोज्याची मेहनत टिकते.

वेळेचा फिल्टर म्हणजे वेल्डिंगची काच. हार्डवेअरच्या दुकानात नंबराप्रमाणे मिळते. दहा नंबरची काच उजेड सुमारे सात हजार पटींनी कमी करते, म्हणजे जवळजवळ तेरा स्टॉप. १/१२५ सेकंदाचं एक्स्पोजर तिच्यामागे मिनिटभराचं होतं. या मिनिटात पाण्याच्या लाटा पुसल्या जाऊन धुकं होतं, ढगांच्या रेघा होतात, चालणारी माणसं नाहीशी होतात. काच गडद हिरवी झाक देते, तेव्हा चित्र कृष्णधवलच करावं. सूर्याकडे थेट पाहायला दहा नंबरची काच सुरक्षित नाही, हे विसरू नये. अनेक छोट्या एक्स्पोजरची सरासरी काढून संगणक असाच परिणाम देऊ शकतो. इथे सामना बरोबरीत सुटतो.

नवी मुंबईची हवा

या शहराला निसर्गानंच काही फिल्टर दिले आहेत. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते आणि कडेकडून विरत जाते. त्या काही मिनिटांत चित्रं घेत राहिलं तर धुक्यापासून स्पष्टतेपर्यंतची अख्खी मालिका मिळते. पण हा दमटपणा कॅमेऱ्याच्या पोटात गेला तर भिंगावर बुरशी चढते, आणि तो मऊपणा काही केल्या काढता येत नाही. म्हणून एरवी कॅमेरा झिपच्या पिशवीत गुंडाळूनच गार जागेतून बाहेर न्यावा, घरी सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवावा.

हिवाळ्याच्या सकाळी ठाणे खाडीवर थर दिसतात: पुढे चिखल आणि तिवरं, मध्ये पाणी, मागे पूल, त्यामागे मुंबईचे मनोरे. ही खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे, आणि साधारण नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगोंचे थवे इथे उतरतात. सूर्य खाली असताना पक्ष्यांच्या मागून येणाऱ्या उजेडात काळी जाळी लावली की पाण्यावरची चमक पक्ष्यांच्या पायांत सांडते. दुपारी बाराला तीच जाळी निरुपयोगी, कारण सगळंच सारखं उजळलेलं असतं आणि सांडायला अंधारच नसतो. वाशी रेल्वेस्थानकाच्या परिसरात पावसाळी संध्याकाळी ओल्या फरशीवर पडलेले दिवे, बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिआंनी रचलेल्या उतरत्या छपरांवरचं तिरपं ऊन, दिवाळे कोळीवाड्यात वाळत घातलेली जाळी: प्रत्येक जागेचा फिल्टर वेगळा. शेवटच्या जागी तर फिल्टर समोरच टांगलेला असतो. परवानगी विचारून त्या जाळ्यातूनच पलीकडची होडी पाहावी.

धुकं काय झाकतं?

या शैलीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप तांत्रिक नाही. सलॉनच्या भिंतींवर धुळीतून परतणारी गुरं, धुक्यातले घाट, उन्हाच्या तिरिपेतली म्हातारी माणसं यांची रांग लागली, आणि मऊपणानं कष्ट गोड दिसू लागले. नवी मुंबईतही हा धोका आहे. हिवाळ्यातलं सगळं धुरकं दवाचं नसतं. त्यात कारखान्यांचा आणि वाहनांचा वाटा असतो. भरावानं आक्रसलेल्या पाणथळ जागा आणि तिवरांत अडकलेलं प्लॅस्टिक व्हॅसलीनखाली सहज नाहीसं होतं. जे पुसायला नको होतं तेच पुसून चित्र सुंदर होत असेल, तर तो फिल्टरचा दोष नाही. फिल्टर लावणाऱ्याचा आहे.

पण पिक्टोरियल वारसा फक्त गुराढोरांचा नाही, हेही तितकंच खरं. पिक्टोरियल छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झनं १९०२ मध्ये रेल्वे यार्डात धूर ओकणारं इंजिन टिपलं आणि त्या चित्राला ‘द हँड ऑफ मॅन’ नाव दिलं. स्टायकेनची फ्लॅटायर्न इमारत १९०४ ची. तेव्हा ती नुकतीच बांधलेली होती. नव्या शहराच्या कडा, धूर, ओले रस्ते हाही त्यांच्या शैलीचा विषय होता. त्या धूसरपणात धूर लपत नाही, उलट तोच चित्राचा विषय होतो. नवी मुंबईसाठी हा धडा बैलगाडीच्या सलॉनपेक्षा जवळचा आहे: तुर्भ्याच्या कारखानी पट्ट्यातला धूर, बाजार समितीतल्या पहाटेच्या ट्रकांचे दिवे, खाडीपुलावरच्या लोकलच्या खिडक्यांची उजळ ओळ.

सारांश असा निघतो. रंगीत कागद कपाटात ठेवावा, ते काम संगणकाचं. लोलक आणि पेला हौसेपुरते. वेल्डिंगची काच ट्रायपॉड असेल तर उपयोगाची. पडदा, चादर, आरसा यांना पहिला मान द्यावा, कारण ते उजेड मुळातच घडवतात. आणि जाळी व व्हॅसलीन अजून कामाची आहेत, पण एका अटीवर: चौकटीत उजेडाला सांडायला अंधार हवा. म्हणून कोणता फिल्टर लावू, असं विचारण्याआधी समोरच्या दृश्यातला सर्वांत तेजस्वी बिंदू शोधावा, त्याच्या शेजारी काय आहे ते पाहावं, आणि त्या शेजाऱ्यावर उजेड सांडलेला आपल्याला चालणार आहे का, हे ठरवावं. नाही चालणार, असं उत्तर आलं तर मोजा खिशातच राहू द्यावा.